पाळकसाहेब गावात नसतील तर काय काय थांबतं?

रविवारी सकाळी घंटा वाजते, माणसं येऊन बसतात, पेटी-तबला लागतो आणि पाळकसाहेबांचा निरोप येतो: शेजारच्या गावात मयत झाली आहे, मला येणं जमणार नाही. वैजापूर-गंगापूरकडच्या किंवा जालन्याच्या खेड्यांतल्या मंडळ्यांना यात नवीन काही नाही. एका पाळकाकडे अनेकदा तीन-चार गावं असतात आणि रविवार सगळ्यांचा एकच. मग त्या दिवशी चर्चमध्ये काय होऊ शकतं आणि काय नाही? अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चमधून आलेल्या, परंपरेत पाळकाचं काम कोणतं आणि सभासदांचं कोणतं, हे समजून घ्यायला याहून सोपी सुरुवात मला सुचत नाही.

उपासना होऊ शकते. गीतं, स्तोत्र, शास्त्रपाठ, प्रार्थना हे सगळं एखादा जबाबदार सभासद चालवू शकतो. उपदेशही होऊ शकतो, फक्त करणाऱ्याला पाळकाची किंवा बिशपची परवानगी हवी. खेड्यांत हे काम निवृत्त शाळामास्तर, मंडळीतले एखादे वडीलधारे किंवा डायोसिसने (एका बिशपच्या देखरेखीखालच्या चर्चच्या विभागाने) नेमलेले उपदेशक करतात. प्रभुभोजन मात्र होऊ शकत नाही. भाकर आणि द्राक्षरस समोर मांडलेला असला, बसलेल्यांत पन्नास वर्षं बायबल वाचणारा माणूस असला, तरी नाही. त्या टेबलामागे उभं राहून उपकारस्तुतीची प्रार्थना म्हणण्याचा अधिकार दीक्षा झालेल्या प्रेस्बिटरला, म्हणजे आपण ज्यांना पाळक म्हणतो त्यांना, किंवा बिशपलाच आहे. पापक्षमेची घोषणा आणि शेवटचा आशीर्वादही त्यांचाच. म्हणून पाळक नसताना उपासना घेणारा माणूस "देव तुम्हांला आशीर्वाद देवो" असं न म्हणता "देव आपल्याला आशीर्वाद देवो" म्हणतो. तो बसलेल्यांपैकीच एक असतो.

बाप्तिस्म्याचा नियम सैल आहे, आणि मुद्दाम सैल ठेवलेला आहे. एरवी बाप्तिस्मा पाळकच देतात. पण संभाजीनगरच्या घाटी दवाखान्यात एखादं तान्हं बाळ अत्यवस्थ असेल आणि पाळक पोहोचेपर्यंत धीर धरण्यासारखी स्थिती नसेल, तर तिथली ख्रिस्ती नर्स किंवा बाळाची आजीसुद्धा पाणी घेऊन, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देऊ शकते. तो पक्का धरला जातो. बाळ बरं झालं तर त्याला चर्चमध्ये आणून मंडळीसमोर उरलेला विधी करतात, रजिस्टरला नोंद करतात, पण पाणी पुन्हा घालत नाहीत.

लग्नाच्या बाबतीत चर्चच्या नियमाबरोबर सरकारचा कायदाही येतो. भारतीय ख्रिस्ती विवाह अधिनियम 1872 नुसार लग्न कोण लावू शकतं याची यादीच दिलेली आहे. बिशपकडून दीक्षा मिळालेल्या पाळकांना सरकारचं वेगळं लायसन्स लागत नाही. इतर बऱ्याच पंथांच्या पाळकांना ते घ्यावं लागतं. लोकांना सहसा माहीत नसलेली गोष्ट म्हणजे वेळ: याच कायद्याने लग्न सकाळी 6 ते संध्याकाळी 7 या वेळात लागलं पाहिजे, नाहीतर बिशपचा विशेष परवाना हवा. मे महिन्यात मराठवाड्यातलं ऊन बघून "रात्री आठला ठेवू की" म्हणणारे वधूपिते दरवर्षी निघतात. त्यांना नाही म्हणणारे पाळक आडमुठे नसतात.

मयतीचं म्हणाल, तर मातीला थांबता येत नाही. पाळक येईपर्यंत बघतात, नाहीच आले तर वडीलधारे प्रार्थना चालवतात. इंग्लंडच्या चर्चमध्येही परवाना असलेले साधे सभासद दफनविधी घेतात.

आता हे असं का? पाळक जास्त पवित्र असतात म्हणून का? तर नाही. पेत्राच्या पहिल्या पत्रात सगळ्याच विश्वासणाऱ्यांना "राजकीय याजकगण" म्हटलं आहे, आणि प्रॉटेस्टंट सुधारणेनंतरच्या कुठल्याही चर्चला ते वचन बाजूला सारता येत नाही. शिवाय अँग्लिकन चर्चने 1571 मध्ये पक्क्या केलेल्या आपल्या शिकवणीच्या 39 कलमांपैकी 26वं कलम सरळ सांगतं की विधी करणारा माणूस वाईट निघाला तरी त्याच्या हातून झालेला विधी वाया जात नाही. तुमचा बाप्तिस्मा ज्यांनी केला ते पुढे कसे वागले यावर तुमचा बाप्तिस्मा अवलंबून नाही. म्हणजे अधिकार माणसाच्या गुणांचा नाही, त्याला दिलेल्या पदाचा आहे.

आणि पद त्याला देतं कोण? ते वारशाने येत नाही. पाळकांचा मुलगा पाळक होईलच असं नाही, आणि झाला तरी त्याला सगळ्या पायऱ्या नव्याने चढाव्या लागतात: मंडळीची शिफारस, बिशपची आणि निवड समितीची परीक्षा, सेमिनरीतलं काही वर्षांचं शिक्षण (पुण्यात त्यासाठी संस्था आहेत, युनियन बिब्लिकल सेमिनरी तर यवतमाळहून 1983 मध्ये तिथे गेली), मग डीकन (पाळकपदाची पहिली पायरी) म्हणून दीक्षा, काही काळ काम, आणि त्यानंतर प्रेस्बिटर. दीक्षेच्या वेळी बिशप डोक्यावर हात ठेवतात. त्या बिशपांवर आधीच्या बिशपांनी हात ठेवलेले असतात. नवा बिशप करताना किमान तीन बिशप हवेत, हा दंडक 325 सालच्या निकेया परिषदेपासूनचा आहे. या साखळीमुळे टेबलामागे उभा असलेला माणूस फक्त त्या गावाचा राहत नाही, तो सगळ्या चर्चच्या वतीने तिथे उभा असतो.

मला यात एक फार व्यवहारी शहाणपण दिसतं. खेड्यातली मंडळी म्हणजे पुष्कळदा दोन-तीन घराणी. भावकीत बांधावरून वाद झाला की बोलणं बंद, एकमेकांच्या दारात पाय ठेवणं बंद. अशा ठिकाणी प्रभुभोजन कुणी द्यायचं हे गावानेच ठरवायचं म्हटलं तर मोठं घर ते ताब्यात घेणार, हे सांगायला ज्योतिषी नको. बाहेरून आलेला, बाहेरून नेमलेला, काही वर्षांनी जाणारा माणूस तिथे असणं ही दुबळ्या घराची सोय आहे.

पाळकांमधली उतरंड थोडक्यात अशी: डीकन, प्रेस्बिटर, बिशप. डीकन सेवा करतात, उपदेश करतात, प्रभुभोजनात मदत करतात, पण ते चालवत नाहीत. प्रेस्बिटर एका पास्टरेटची, म्हणजे एका किंवा अनेक गावच्या मंडळ्यांची, जबाबदारी घेतात. बिशप डायोसिसचे प्रमुख; दीक्षा देणं, कन्फर्मेशन (बाप्तिस्मा झालेल्याला विश्वासात कायम करण्याचा विधी) करणं, पाळकांच्या नेमणुका आणि बदल्या ही त्यांची कामं. डीकन आणि प्रेस्बिटरला रेव्हरंड म्हणतात, बिशपला राइट रेव्हरंड, आणि मोस्ट रेव्हरंड म्हणजे बिशपांमधले प्रमुख. बिशप ही काही वेगळी जात नव्हे, ते आधी डीकन होते, मग प्रेस्बिटर.

इथे एक खुलासा. मराठवाड्यात आज आपण ज्याला अँग्लिकन म्हणतो ते चर्च नावाने अँग्लिकन नाही. ते आहे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, बोलण्यात सीएनआय, आणि त्याची मराठवाडा डायोसिस, मुख्यालय छत्रपती संभाजीनगर. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन सीएनआय झालं. त्यात अँग्लिकन होते, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल यांचं आधीच एक झालेलं चर्च होतं, बाप्टिस्ट होते, ब्रेदरन होते, डिसायपल्स होते, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन परंपरेतले मेथडिस्ट होते. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट शेवटच्या टप्प्यावर बाहेर राहिले, म्हणून सीमेपलीकडे बीदरला गेलात तर तिथल्या मेथडिस्ट मंडळीची व्यवस्था वेगळी दिसेल.

हे मिश्रण मराठवाड्याच्या मातीतच होतं. छावणी आणि औरंगाबादच्या आसपास चर्च मिशनरी सोसायटीचं, म्हणजे अँग्लिकनांचं काम. तिथे एकोणिसाव्या शतकात पारशी घरातून आलेले रेव्हरंड रतनजी नवरोजी वर्षानुवर्षं राबले. जालन्याला मात्र स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे नारायण शेषाद्री. 1843 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेला हा ब्राह्मण तरुण पुढे जालन्याला आला आणि निजामाच्या राज्यात जमीन मिळवून त्याने बेथेल नावाचं ख्रिस्ती गाव वसवलं. स्कॉटिश परंपरेत बिशप नसतात. मंडळीतून निवडलेले वडील पाळकाबरोबर बसून कारभार करतात. म्हणजे एका बाजूला बिशपची सवय असलेले लोक, दुसऱ्या बाजूला वडिलांची. 1970 मध्ये या दोघांना एका छपराखाली यायचं होतं.

तडजोड काय झाली? बिशप ठेवायचे, पण ते घटनेने बांधलेले ठेवायचे. लंडनला लँबेथ इथे भरलेल्या जगभरच्या अँग्लिकन बिशपांच्या परिषदेने 1888 मध्येच म्हटलं होतं की बिशपपद प्रत्येक देशाच्या गरजेप्रमाणे जुळवून घेता येईल. सीएनआयने ते मनावर घेतलं. लहान मुलांचा बाप्तिस्मा आणि मोठेपणी विश्वासाने घेतलेला बाप्तिस्मा, दोन्ही मान्य केले. आणि कारभारात सभासदांना जागा दिली, हे आपल्या विषयासाठी सगळ्यांत महत्त्वाचं.

ही जागा कागदावर बरीच मोठी आहे. गावपातळीवर पास्टरेट कमिटी असते, जुनी माणसं तिला पंचकमिटीच म्हणतात. तिचे सदस्य मंडळीच्या वार्षिक सभेत निवडले जातात. अध्यक्ष पाळक असतात, पण सचिव आणि खजिनदार सभासदांतून. दानपेटी मोजायला दोन माणसं, बँक खात्यावर पाळकाबरोबर सभासदाची सही, वर्षाचा हिशेब सभेपुढे: ही पद्धत पाळकावर अविश्वास म्हणून नाही, पाळकावर बालंट येऊ नये म्हणून आहे. त्याच्या वर डायोसिसची कौन्सिल, तिच्यात पाळक आणि पास्टरेटमधून निवडून आलेले सभासद एकत्र. त्याच्या वर सिनॉड, जिथे देशभरातून बिशप, पाळक आणि सभासद जमतात आणि मॉडरेटर, म्हणजे सगळ्या सीएनआयचे प्रमुख बिशप, निवडतात. बिशपही वरून टपकत नाहीत. नावं डायोसिसमधून पुढे येतात आणि शेवटची निवड सिनॉडच्या पातळीवर होते.

सभासदांच्या मताला किती वजन असू शकतं याचं सर्वांत मोठं उदाहरण इंग्लंडचं आहे. तिथल्या जनरल सिनॉडमध्ये तीन सभागृहं आहेत: बिशपांचं, पाळकांचं आणि सभासदांचं. मोठ्या बदलाला तिन्हींत दोन तृतीयांश मतं लागतात. 20 नोव्हेंबर 2012 रोजी स्त्रियांना बिशप करण्याचा ठराव आला. बिशपांनी 44 विरुद्ध 3 ने पास केला, पाळकांनी 148 विरुद्ध 45 ने. सभासदांच्या सभागृहात मतं पडली 132 विरुद्ध 74, आणि सहा मतं कमी पडून ठराव कोसळला. त्या चर्चचे सर्वांत वरिष्ठ बिशप, म्हणजे कँटरबरीचे आर्चबिशप, यांना तो हवा होता, तरी कोसळला. दोन वर्षांनी, 2014 मध्ये, तो पुन्हा आणून पास करावा लागला, आणि 2015 च्या जानेवारीत लिबी लेन इंग्लंडच्या चर्चच्या पहिल्या स्त्री बिशप झाल्या. त्या दिवशीच्या 74 जणांचं मत मला पटत नाही. पण साध्या सभासदांनी जवळजवळ सगळ्या बिशपांना थांबवलं, आणि बिशपांनी नाराज होऊन का होईना ते मानलं, हे बघण्यासारखं आहे.

आपल्याकडे काय होतं? वार्षिक सभेला माणसं येत नाहीत. उपासना संपली की निम्मे उठून घरी, उरलेल्यांत जो मोठ्याने बोलेल तो निवडून येतो. मग पुढच्या निवडणुकीपर्यंत चहाच्या टपरीवर कमिटीला नावं ठेवायची. मत द्यायला काय लागतं? साधारणपणे बाप्तिस्मा आणि कन्फर्मेशन झालेलं असावं, प्रभुभोजनात भाग घेत असावं, वर्गणी भरलेली असावी आणि यादीत नाव असावं. शेवटच्या दोन गोष्टींवरच गाडी अडते, आणि भांडण नेमकं सभेच्या दिवशी सुरू होतं.

दुसरं टोकही आहे. कमिटीवर आलेला माणूस पाळकाला नोकर समजू लागतो. "आम्ही पगार देतो" हे वाक्य मी इतक्या ठिकाणी ऐकलं आहे की त्यावर थोडं बोललंच पाहिजे. पाळकांची नेमणूक गाव करत नाही, बिशप करतात. त्यांची बदली जिल्हा परिषदेच्या गुरुजींसारखी होते: गावाला आवडले म्हणून ठेवता येत नाहीत, आवडले नाहीत म्हणून हाकलता येत नाहीत. अनेक डायोसिसमध्ये मंडळ्या आपला ठरलेला वाटा डायोसिसकडे भरतात आणि पगार तिथून निघतो. त्यामुळे श्रीमंत मंडळीच्या पैशातून गरीब खेड्याच्या पाळकाचं घर चालतं, आणि उपदेशात सावकाराविरुद्ध किंवा दारूविरुद्ध बोलायची पाळकाला मोकळीक राहते. कमिटीने उपदेश कसा द्यावा हे सांगायचं नसतं आणि पाळकाने दानाची पेटी घरी न्यायची नसते. दोन्हीकडची मर्यादा एवढ्या साध्या शब्दांत सांगता येते.

मालमत्तेचं प्रकरण मात्र साधं नाही. चर्चची इमारत, शाळा, कबरस्तान, मिशनच्या काळातले बंगले हे ट्रस्टच्या नावावर असतात. गावाचे नाहीत, पाळकांचे नाहीत, बिशपचेही नाहीत. महाराष्ट्रात सार्वजनिक ट्रस्टला 1950 चा कायदा लागू आहे, आणि त्यानुसार ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकायची तर धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. "कमिटीने ठराव केला म्हणून विकली" किंवा "बिशपने सही केली म्हणून विकली" हे दोन्ही पुरेसं नाही. शहरातल्या जागांचे भाव चढल्यावर चर्चमधले बरेच दावे याच एका मुद्द्याभोवती फिरतात. सभासदांनी डोळे उघडे ठेवायची जागा कुठली असेल तर ही.

आता कमिटीबाहेरचे लोक. मिशनच्या काळात बायबलबाया होत्या. घरोघरी जाऊन बायकांना वाचायला शिकवणाऱ्या, बाळंतिणीला भेटणाऱ्या, दीक्षा नसलेल्या. पुरुष मिशनरीला ज्या माजघरात पाऊल ठेवता येत नव्हतं तिथे त्या बसत. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत विश्वास आणि अक्षरओळख या बायांकडून एकाच वेळी आली. आज ते काम महिला मंडळ करतं, संडे स्कूलच्या ताई करतात. हंगामाच्या सणाला वेदीपुढे ज्वारीची कणसं, तूर, कापूस, भोपळे मांडणं आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव पुकारणं हे तर पूर्णपणे सभासदांचं खातं. लिलावात दहा रुपयांचा भोपळा दोनशेला जातो, आणि पाळक तिथे फक्त हसत उभे असतात.

आणि पाळकबाई. पाळकांच्या पत्नी या नियमाप्रमाणे साध्या सभासद. दीक्षा नाही, पगार नाही, नेमणुकीच्या पत्रावर नाव नाही. पण महिला मंडळाचं अध्यक्षपद बहुधा त्यांच्याकडेच, आजाऱ्याला डबा त्यांचाच, आणि पाळक बाहेरगावी असताना दार ठोठावणाऱ्याशी बोलायचं त्यांनीच. नोकरी करणाऱ्या पाळकबाई आता वाढल्या आहेत, त्यांनी "मला जमणार नाही" म्हटलं की मंडळी नाराज होते. या नाराजीला घटनेत कुठेच आधार नाही.

स्त्रियांनी स्वतः पाळक होण्याबद्दल सीएनआयमध्ये नियमाची अडचण नाही, त्यांना दीक्षा मिळते. दक्षिणेकडच्या आपल्या भगिनी चर्चमध्ये, चर्च ऑफ साउथ इंडियामध्ये, 2013 साली पुष्पा ललिता नंद्याळच्या बिशप झाल्या. अँग्लिकन जगात मान सर्वांत मोठा असलेल्या कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी 2025 मध्ये सारा मुलाली यांचं नाव जाहीर झालं. त्या पूर्वी नर्स होत्या. मराठवाड्यातल्या खेड्यात मात्र "बाई प्रभुभोजन देणार?" हा प्रश्न अजून विचारला जातो, आणि बहुतेक वेळा विचारणारी बाईच असते.

शेवटी एक कामाची माहिती. पाळकांबद्दल किंवा कमिटीबद्दल तक्रार असेल तर व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून काही होत नाही. कमिटीबद्दलची गोष्ट लेखी स्वरूपात आधी पाळकांकडे द्यावी, पाळकांबद्दलची बिशपकडे, आणि डायोसिसच्या कौन्सिलवर आपल्या पास्टरेटचे जे प्रतिनिधी असतील त्यांना प्रत द्यावी. प्रतिनिधी कोण हे माहीत नसेल तर पास्टरेटच्या सचिवाला विचारावं, त्याच्याकडे नावं असतात. आणि सभेची नोटीस उपासनेत वाचली जाईल त्याच आठवड्यात मतदारयादीत आपलं, आपल्या घरातल्या कन्फर्मेशन झालेल्या पोराबाळांचं आणि म्हाताऱ्या माणसांचं नाव आहे का ते बघून घ्यावं. नसेल तर वर्गणीची पावती घेऊन सचिवाला भेटावं. सभेच्या दिवशी सकाळी नको, आधी.